टाके ठीक, पण लेंड्या कुठायत?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सकाळी येतात त्या हगवण लागलेल्या शेळ्या आणि उलटलेल्या, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर आलेल्या गाई. त्या दिवशी रांगेत एक आजी पांढरा ससा मांडीवर घेऊन बसल्या होत्या, सोबत कॉलेजात शिकणारा नातू. आदल्या दिवशी शहरात सशाचं खच्चीकरण झालं होतं.

"सर, टाके सुजले का पाहा बरं," नातू म्हणाला.

आजीने त्याला मधेच तोडलं. "टाक्याले काय पाहून राहिला? कालपासून एक लेंडी नाही टाकली यानं. बकरी असती तं म्या रातीच आणली असती."

आजींचं बरोबर होतं. टाके कोरडे, सूज जेमतेम. पण ससा पाठ वर काढून आक्रसून बसलेला आणि दात करकर वाजवत होता. ससा दुखतंय म्हणून सहसा ओरडत नाही, दात वाजवतो. पोटाला स्टेथोस्कोप लावला तर गुडगुड जवळजवळ बंद.

विचारल्यावर कळलं, ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून त्याला उपाशी ठेवलं होतं. माणसाला ठेवतात, कुत्र्याला ठेवतात, कारण भुलीत ओकारी होऊन ती श्वासनळीत जाऊ शकते. ससा ओकूच शकत नाही. उलट त्याच्या आतड्यात चारा सतत सरकत राहावा लागतो. उपास आणि वर दुखणं, म्हणजे आतडं थंडावणारच. चोवीस तास असेच गेले तर ससा हातचा जाऊ शकतो, टाके कितीही सुबक असोत.

गळ्यातली प्लास्टिकची कॉलर आधी काढली. सशाच्या दोन तऱ्हेच्या लेंड्या असतात. त्यातली मऊ लेंडी तो थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन खातो, त्याची जीवनसत्त्वं त्यातच. कॉलरमुळे तेही बंद. मग दुखणं थांबवायला मेलॉक्सिकॅमचं इंजेक्शन, कातडीखाली कोमट सलाईन. पोट टम्म फुगलेलं नव्हतं, म्हणून भरवायचं ठरवलं. तयार पावडर तालुक्यात कुठून मिळणार? वाळलेला लसूणघास मिक्सरमधून बारीक करून पातळ कालवला. बिनसुईची सिरिंज समोरच्या दातांमागून, गालाच्या बाजूने; एकेक थेंब गिळला की पुढचा. घाई केली की फुप्फुसात.

हे काम आजींनीच केलं. माझ्या हातात ससा धडपडत होता, त्यांच्या मांडीवर गप्प.

खाली लाकडाचा भुसा घालत होते, तो जखमेला चिकटतो, म्हणून बंद करायला लावला. धुतलेलं जुनं लुगडं अंथरायला सांगितलं. मार्चचं ऊन तापायला लागलं होतं, तेव्हा सावली हवी, पण कूलरच्या तुषारात नको. जखम कोरडी राहिली पाहिजे.

दुपारी आजींनी पिशवीतून सांबार, म्हणजे कोथिंबीर काढली. सशाने आधी नुसती हुंगली, मग एक काडी ओढली. संध्याकाळी लुगड्यावर बारक्या, वेड्यावाकड्या लेंड्या दिसल्या. आजींनी एक उचलून बोटांत फोडून पाहिली. "सुकी हाय अजून. पाणी पाजा."

निघताना नातवाने विचारलं, "आता मादीसोबत ठेवू ना?"

"महिना-दीड महिना नाही. नळ्यांत आधीचं वीर्य असतं, पिल्लं होऊ शकतात. आणि टाके तुटतील ते वेगळंच."

तो आजीकडे पाहू लागला. आजी म्हणाल्या, "सकाळी घडीभर तिच्यापाशी सोडलं होतं ना बे तू याले."

गाभण मादीचे दिवस एकतीसच्या आसपास भरतात. मी कॅलेंडरवर एप्रिलची तारीख दाखवली.