कोबीची पानं

२ मार्च, लाँगइयरब्येन (स्वालबार्ड, नॉर्वे)

आजही ती रेनडिअर होतीच. सकाळी कामाला निघाले तेव्हा घराखालच्या खांबांपाशी उभी होती, संध्याकाळी परतले तरी तिथंच. चार दिवस झाले.

गावात रेनडिअरचं तसं अप्रूप नाही. घरांच्या मधून हिंडतात, रस्ता ओलांडतात, गाड्या थांबतात. मीही पहिल्या महिन्यात आईला ढीगभर फोटो पाठवले, मग सोडून दिलं. पण ही डोक्यातून जात नाही.

तिचं डावं शिंग टोकाला मोडलंय. नरांची शिंगं हिवाळ्याच्या तोंडालाच गळतात, माद्यांची राहतात, त्यावरून ती मादी हे कळलं. पाय आखूड, अंगावर दाट पांढुरके केस, त्यामुळे लांबून चांगली गुबगुबीत वाटते. जवळून पाहिलं तर त्या केसांतूनही माकडहाड वर आलेलं दिसतं. पुढचा खूर उचलते आणि खरवडते. खर्र, खर्र. पातेल्याला करपलेला भात उलथन्यानं काढावा, अगदी तसा आवाज. मग नाक लावून हुंगते आणि पुन्हा खरवडते. मी खिडकीत उभी राहून मोजलं, एकाच जागी ३१ वेळा. काही हाती लागल्याचं मला तरी दिसलं नाही.

फेब्रुवारीतल्या त्या पावसाचं हे सगळं. नुसता भुसभुशीत बर्फ असला तर पायानं उकरून खालचं वाळकं गवत, शेवाळ काढतात. त्यावर पाऊस पडून गोठला की जमिनीवर काचच बसते. २०१९च्या उन्हाळ्यात मोजणीला गेलेल्यांना स्वालबार्डवर २००च्या आसपास मेलेली रेनडिअर सापडली होती, भुकेनं गेलेली. त्याच्या आधीच्या हिवाळ्यातही असाच पाऊस झाला होता. शेजारच्या बाईंनी हे मला चहा पिता पिता सांगितलं, अगदी शांतपणे. मला कप खाली ठेवावा लागला.

काल कोबी चिरताना बाहेरची जाड पानं डब्यात टाकली नाहीत, पिशवीत भरली. कुणाला बोलले नाही, ह्यांनाही नाही. आज दार उघडून पायरीवर गेले. ती पळाली नाही. दहा-बारा पावलांवर मान वर करून बघत राहिली, नाकातून वाफ येत होती. रानच्या जनावराला इथं खायला घालायचं नाही, हे मला आल्या दिवशीच सांगितलंय. हात पिशवीत तसाच. बोटं बधिर होईपर्यंत उभी राहिले आणि आत आले.

जेवताना घास उतरेना.

आमच्या घरी गोग्रास काढल्याशिवाय कुणी पानावर बसत नसे. दारी आलेलं जनावर उपाशी जाता कामा नये, हे आजीचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते माझंच झालंय. बहात्तरच्या दुष्काळात त्यांचा एक बैल रिकामी गव्हाण चाटत बसायचा. ते सांगताना ती दरवेळी थांबायची, पुढचं सांगायचीच नाही. तिकडे पाऊस आला नाही म्हणून, इकडे आला म्हणून. जनावर मात्र तसंच, रिकाम्या जागी तोंड लावून.

आणि मी काय करते, तर खिडकीतून मोजते. इतक्या लांब येऊन हेच करायचं होतं का? आजीच्या वर्षश्राद्धाला यंदाही जाणं होणार नाही. ऑक्टोबरमध्ये ऊन गेलं ते अजून गावात पोचायचंय, ८ मार्चला जुन्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर पडेल म्हणतात. तोवर असंच निळसर उजेडात बसून राहायचं. कधी कधी वाटतं, माझाही खूर कशावर तरी... असो. जूनमध्ये त्यांची पाडसं होतात. हिच्या पोटात असेल का, आणि असलं तर टिकेल का? नको तो विषय.

भांडी घासताना आजीचं दुसरं बोलणं आठवलं. उपाशी बैलाला एकदम ज्वारीच्या राशीवर सोडू नये, फुगून मरतो. दुष्काळ सरल्यावर म्हणे कुणाकुणाची जनावरं अशीच गेली, मायेनं जास्त घातलं म्हणून. शेजारच्या बाई वेगळ्या शब्दांत तेच म्हणाल्या होत्या. महिनोन्महिने वाळक्यावर राहिलेल्या पोटातले जंतू त्याच चाऱ्याला सरावलेले असतात, नवं काही पचवणं त्यांना एकाएकी जमत नाही. तेव्हा मला तो नुसता नियम वाटला होता. आजीच्या तोंडून आठवला तेव्हा पटला. दोन्ही वाक्यं आजीचीच, एकाच ओसरीवरची. मी इतकी वर्षं त्यातलं एकच जपत आले.

बरं वाटलं असं नाही. पण हात पिशवीतून रिकामा परत आला त्याची सकाळपासूनची टोचणी जरा कमी झाली.

पानं धुतली, बारीक चिरली आणि हरभऱ्याची डाळ घालून भाजी केली. जाड शिरा शिजायला वेळ लागला. हे दोनदा वाढून घेऊन जेवले.

आत्ता लिहिताना लक्षात आलं, खरवडण्याचा आवाज बराच वेळ येत नाहीये. पोटात धस्स झालं. दिवा बंद करून खिडकीशी गेले. खांबाच्या आडोशाला पाय दुमडून बसली होती, मोडकं शिंग भिंतीकडे. आधी वाटलं झोपली. मग दिसलं, जबडा हलतोय. हळूहळू, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला.

रवंथ करत होती.