अर्थ लागेपर्यंत: जुन्या सॅन स्टॉर्ममध्ये स्टिरिओ बसवण्याचा माझा अनुभव

मी सांगलीत वकिली करतो आणि विजेविषयीचे माझे ज्ञान घरातला फ्यूज बदलण्यापलीकडे कधी गेलेले नव्हते. तरीही एका पावसाळ्यात सलग सहा रविवार मी एका गाडीच्या डॅशबोर्डखाली डोके घालून पडलो होतो. ती गाडी म्हणजे सॅन स्टॉर्म: गोव्यात तयार झालेली, दोन आसनांची, कापडी छपराची छोटी स्पोर्ट्स कार. इंजिन रेनोचे, ११४९ सीसीचे, आणि अंग फायबरग्लासचे. फायबरग्लासला गंज लागत नाही एवढेच मला तेव्हा ठाऊक होते. त्याच्यातून वीजही जात नाही, ही गोष्ट मात्र पुढे फार महागात पडली.

माझ्या भाच्याने अमेरिकेहून येताना एक नवा स्टिरिओ आणला होता. गाडीच्या खाचेचे माप नेहमीचेच, म्हणजे १८० बाय ५० मिलिमीटर, असल्यामुळे तो विनातक्रार बसला. बसवून देणाऱ्या कारागिराने तासाभरात काम उरकले, गाणे लावून दाखवले आणि पैसे घेतले. पुढच्या रविवारी चावी फिरवली तर स्टार्टरने नुसते ‘टक्’ केले. बॅटरीवर मीटर लावला तेव्हा ११.८ व्होल्ट दिसले. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ दिसायला हवेत.

बॅटरी जुनी झाली असेल, असे दोघा-तिघांनी सांगितले. बदलण्यापूर्वी साक्ष तपासावी म्हणून मी बॅटरी चार्ज करून घेतली, तिची निगेटिव्ह तार सोडवली, मीटरची वायर १० अँपिअरच्या भोकात घातली आणि मीटर त्या तारेच्या व बॅटरीच्या मध्ये जोडला. चावी माझ्या खिशात, दिवे बंद, स्टिरिओ त्याच्या बटणाने बंद, आणि तरीही मीटरवर ०.२१ अँपिअर. दिवसाला पाच अँपिअर-तास, आठवड्याला पस्तीस; आणि माझी बॅटरी नेमकी ३५ अँपिअर-तासांची. दर रविवारीच गाडी बाहेर काढणाऱ्या माणसासाठी हा हिशेब फारच चोख होता. (मीटर तसाच जोडलेला असताना मी एकदा सवयीने चावी फिरवली आणि त्याच्या आतला फ्यूज उडवला, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.)

स्टिरिओ बाहेर ओढल्यावर कारण समोरच दिसले. अशा स्टिरिओला पिवळी वायर कायमचा पुरवठा देते, जिच्यामुळे घड्याळ आणि स्टेशने लक्षात राहतात, आणि लाल वायर चावी फिरवल्यावरच जिवंत व्हायला हवी. कारागिराने दोन्ही एकत्र पिळून त्यांच्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. त्याचीही बाजू होती, कारण चावीवरून येणारी मूळ वायर मेलेली होती. तिचा फ्यूज शाबूत होता, पण तो ज्या खाचेत बसतो तिच्या पितळी पात्यांवर हिरवा थर चढला होता. कापडी छपरातून पावसाचे पाणी कुठे कुठे उतरते, याचा तो पहिला पुरावा. पाती घासून, दोन्ही वायरी वेगळ्या करून, सोल्डर मारून वर स्लीव्ह चढवली. मीटरवर ०.०२ आले आणि मला वाटले, प्रकरण निकाली निघाले.

प्रत्यक्षात खरे प्रकरण तिथून सुरू झाले. आवाज वाढवला आणि ढोलकीची थाप जोरात आली की स्टिरिओ क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. हेडलाइट लावले की पडदा मंद व्हायचा आणि ॲक्सिलरेटर दाबला की त्याच चढत्या सुरात एक बारीक शिट्टी स्पीकरमधून यायची. ज्याला दाखवले त्याने स्टिरिओवरच ठपका ठेवला. आरोपी परगावचा असला की निकाल लवकर लागतो.

स्टिरिओ निर्दोष आहे हे सिद्ध करायला मी तो गाडीतून काढून थेट बॅटरीला जोडला, एक सुटा स्पीकर लावला आणि आवाज पूर्ण वाढवला. तो एकदाही बंद पडला नाही. म्हणजे दोष वायरिंगमध्ये होता. मिरजेतल्या एका वृद्ध ऑटो इलेक्ट्रिशियनने मग मला जी तपासणी शिकवली, ती मी जन्मभर विसरणार नाही. आपण सगळे पॉझिटिव्हच मोजत बसतो. त्यांनी मीटरचे काळे टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल टोक स्टिरिओच्या पत्र्यावर ठेवायला सांगितले. अर्थिंग, म्हणजे वीज बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतण्याची वाट, नीट असेल तर तिथे जवळपास शून्य दिसायला हवे, फार तर ०.१ व्होल्ट. आवाज वाढवल्यावर माझ्या मीटरवर १.४ आले. ते एवढेच म्हणाले, “वकीलसाहेब, तुमच्या गाडीला अर्थच नाही.”

लोखंडी गाडीत काळी वायर कुठल्याही पत्र्याला स्क्रूने आवळली तरी चालून जाते, कारण सगळे अंगच बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेले असते. कारागिराने सवयीने तेच केले होते. डॅशखालच्या एका पत्र्याच्या पट्टीला त्याने वायर आवळली होती. पण त्या पट्टीच्या मागे फायबर होते, आणि तिचा खालच्या लोखंडी सांगाड्याशी संबंध उरला होता तो एका गंजलेल्या बोल्टपुरता. स्टिरिओची सगळी वीज त्या बोल्टच्या गंजातून वाट काढत परतत होती आणि अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचा, आवाजही तिथूनच आत शिरत होता. मी अडीच स्क्वेअर मिलिमीटर जाडीची काळी वायर घेतली, टोकांना थिंबल (बोल्टखाली आवळायची धातूची टोपी) दाबून बसवले, बॅटरीची निगेटिव्ह पट्टी सांगाड्याला जिथे जोडली आहे तिथला रंग आणि गंज चकचकीत पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासला आणि वायर तिथून थेट स्टिरिओच्या मागे आणली. १.४ चे ०.०४ झाले. बंद पडणे थांबले, पडदा मंद होणे थांबले आणि शिट्टी गेली.

रेडिओची खरखर मात्र गेली नाही. आमच्या घरी आकाशवाणी सांगली म्हणजे मध्यम लहरींवर १२५१ किलोहर्ट्झ, हे पाढ्यांसारखे पाठ आहे. स्टिरिओ मात्र १२५० नंतर थेट १२६० वर उडी मारायचा आणि मधल्या १२५१ चा आवाज किंचित चोंदलेला येई. अमेरिकेत मध्यम लहरींवरची स्टेशने १० किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, आपल्याकडे ९ च्या. मॅन्युअलमध्ये प्रदेश बदलण्याची सोय सापडली आणि १३९ गुणिले ९, म्हणजे १२५१, नेमके लागले. खरखर मात्र उरलीच: इंजिन बंद असताना आवाज स्वच्छ, इंजिन सुरू केले की तडतड, आणि तीही इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी. लोखंडी बॉनेट स्पार्क प्लगच्या ठिणग्यांचा हा गोंगाट बऱ्याच अंशी कोंडून ठेवते, फायबरचे बॉनेट त्याला अडवत नाही. प्लग काढून पाहिले तर त्यांच्या क्रमांकात ‘आर’ हे अक्षरच नव्हते, म्हणजे आत रोध नसलेले प्लग कोणीतरी बसवले होते. रोधाचे प्लग घातले, अँटेनाच्या बुडाखाली आतून ॲल्युमिनियमचा पत्रा लावून तो सांगाड्याला जोडला, आणि तडतड इतकी उतरली की बातम्या ऐकता येऊ लागल्या.

एवढे झाल्यावर मी गाडी मिरजेत एका स्नेह्यांकडे नेली. ते तंबोरे बनवतात. जवारी काढण्यात, म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर खुलवण्यात, त्यांचे आयुष्य गेले आहे. तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण लावून मी अभिमानाने त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी डोळे मिटून मिनिटभर ऐकले आणि विचारले, “वकीलसाहेब, खर्ज कुठं गेलाय?”

मला काहीच कमी वाटत नव्हते. पण त्यांनी बॅलन्स पूर्ण डावीकडे न्यायला सांगितला आणि खर्ज भरून आला; पूर्ण उजवीकडे नेला, तरीही आला; मध्ये ठेवला की पातळ झाला. घरी येऊन दारांची पॅनेल उघडली, स्टिरिओच्या मागून स्पीकरच्या वायरी सोडवल्या आणि दीड व्होल्टचा साधा सेल त्या टोकांना क्षणभर टेकवून पाहिला. स्टिरिओच्या पॉझिटिव्ह वायरीकडे सेलचे पॉझिटिव्ह ठेवले असता डाव्या स्पीकरचा कागदी पडदा बाहेर उसळला, उजव्याचा आत ओढला गेला. उजव्या दारात वायरी उलट जोडल्या होत्या. एक स्पीकर हवा ढकलत असताना दुसरा ती ओढत होता आणि खालचे सूर एकमेकांना मारत होते. दोन वायरींची अदलाबदल करायला पाच मिनिटे लागली.

पुढच्या रविवारी पुन्हा मिरजेला गेलो. त्यांनी तेच ध्वनिमुद्रण लावायला सांगितले, डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाले, “आला खर्ज. आता उजव्या दारातला तेवढा स्क्रू आवळा, तो निषाद धरून बसलाय.” पॅनेलचा खालचा स्क्रू खरोखरच दीड आटे ढिला होता.