वाटाण्याची पिसगळ

सोमवार

सकाळी पिंजऱ्यावरचं फडकं काढलं आणि पोटात गोळाच आला. खालच्या पेपरवर, बरोबर राशिभविष्याच्या पानावर, पिसंच पिसं. पोटाची पोपटी, मानेजवळची पिवळी, त्यात काळ्या रेघांची नखाएवढी बारकी. आणि वाटाणा वरच्या दांडीवर अंग फुगवून बसलेला, जणू हा पसारा दुसऱ्याच कुणीतरी केलाय. आईने आधी जिन्यातल्या बोक्याला धरलं, मग माझ्या पंख्याला, आणि शेवटी समोरच्या काकूंच्या नजरेला. काकू काल ‘काय गोंडस दिसतो गं’ म्हणाल्या होत्या, एवढाच त्यांचा गुन्हा.

वाटाणा म्हणजे बजी. दुकानदार ज्याला सर्रास लव्हबर्ड म्हणून खपवतात तो. मूळचा ऑस्ट्रेलियाचा. आजीकडे असायचा तसला आपला मिठू आता पाळता येत नाही, वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. आणि आहे तेच बरं आहे. ते खिडकीबाहेरच्या बदामावर कलकलाट करतानाच शोभतात. हा सोसायटीतल्या एका काकांकडच्या जोडीचा. त्यांनाच फोन लावला.

“किती महिन्यांचा झाला? चार? मग टाकू दे की पिसं. या वयात टाकतातच.”

मग प्रश्नांची फैर. कुठे टक्कल पडलंय का? नीट उडतोय का? खातोय का? शी कशी आहे? टक्कल नाही, उडतोय, खातोय, शी रोजच्यासारखी. “मग औषध तुला पाहिजे, त्याला नाही,” म्हणाले आणि फोन ठेवला.

तरी दुपारी वाचत बसलेच. बजीची पहिली पिसगळ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होते. पिसं थोडीथोडी जातात, मागून नवी येत राहतात, म्हणून कातडी उघडी पडत नाही. पंखांची आणि शेपटीची मोठी पिसं भराभर गळून पिल्लू उडायचंच थांबलं तर ते प्रकरण वेगळं, त्यामागे विषाणू असू शकतो, आणि तिथे पक्ष्यांचा डॉक्टरच गाठायचा. तेवढं वाचून वाटाण्याचे दोन्ही पंख पुन्हा एकदा डोळे फाडून बघितले. जागच्या जागी.

बुधवार

अंड्यावरून घरात जुंपली.

पीस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन. आपले केस नि नखं ज्या जातीच्या द्रव्याची, त्यातलंच तेही. जेमतेम तीस-पस्तीस ग्रॅमच्या जिवाला अंगभर नवी पिसं काढायची तर नुसत्या राळ्या-बाजरीवर भागत नाही. काकांचं म्हणणं, रोज चिमूटभर उकडलेलं अंडं दे. आणि इकडे श्रावण! “या घरात श्रावणात अंडं शिजणार नाही,” आई. “मोडाचे मूग घाल की, गुणाचे असतात.” मूग घातले. त्याने खाल्लेही, म्हणजे निम्मे खाल्ले, निम्मे भिंतीला लावले. समुद्रफेस आहेच लटकवलेला, कोथिंबीर आहे, पालक आहे. पण मला ते अंडं काही स्वस्थ बसू देईना.

शेवटी माझ्या चहाच्या विजेच्या किटलीत, गॅलरीत, दार लोटून अंडं उकडलं. बलक कुस्करून झाकणात ठेवला. आधी दोन मिनिटं त्याच्याकडे तिरका बघत राहिला, मग असा तुटून पडला की चोच, गाल, दांडी सगळं पिवळं. आईला पत्ता नाही.

शुक्रवार

स्वभाव पार बिघडलाय. शीळ बंद, आरशाशी गप्पा बंद, दुपारभर झोप. बोट पुढे केलं की चोच उघडून अंगावर येतो. भाचा हिरमुसला; त्याच्या मते लाड करायचे म्हणजे हात लावायचा, दुसरा प्रकार त्याला माहीतच नाही. खरं तर घरात कुणालाच माहीत नाही.

पण जवळून बघितलं तर त्याचा राग पटतो. मान आणि डोकं पांढऱ्या काट्यांनी भरलंय, साळिंदराचं पिल्लूच. प्रत्येक काटा म्हणजे एक बंद नळी आणि आत गुंडाळलेलं नवं पीस. वाढत असताना त्यात रक्त खेळतं, तेव्हा बुडाशी तो काळपट-निळसर दिसतो आणि हात लागला तर दुखतो. वाढ पुरी झाली की रक्त मागे हटतं, नळी वाळते, पांढरी पडते, आणि पक्षी चोचीने ती फोडून पीस मोकळं करतो. तोच भुसा सगळीकडे पडतो, माझ्या लॅपटॉपवरसुद्धा. मोठ्या पिसाचा असा कोवळा काटा मोडला तर रक्त लागतं, म्हणून कॉर्नफ्लोअरची डबी पिंजऱ्याजवळ ठेवलीये. चिमूटभर दाबून धरायचं, आणि रक्त थांबलं नाही तर थेट डॉक्टर.

संध्याकाळी पाऊस थांबून जरा ऊन आलं तेव्हा पोटाचं एक गळालेलं पीस खिडकीशी धरलं. टेबलावर हिरवंगार होतं, उजेडाच्या आड धरलं तर हिरवं गेलंच; नुसतं मळकं पिवळं. बजीच्या पिसात हिरवा रंग नसतोच मुळी. पिवळं रंगद्रव्य असतं, आणि पिसाच्या बारीक रचनेवरून निळा उजेड परत फिरतो; दोन्ही मिळून आपल्याला हिरवं दिसतं. ते पिवळं रंगद्रव्यही हे लोक स्वतःच्या अंगात तयार करतात, खाण्यातून उचलत नाहीत. भाच्याने मग डब्यातली सगळी पिसं खिडकीशी धरून बघितली. अभ्यास राहिला.

रविवार

आज पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी मारून त्याला मोकळा सोडला. ओट्यावर आईने धुतलेली कोथिंबिरीची जुडी होती. स्वारी थेट त्यावर. आधी एक पान ओढलं, मग मान घातली, मग आडवाच झाला. ओल्या पानांत लोळून, पंख पसरून, चिरकून यथासांग अंघोळ. भिजलं की वाळक्या नळ्या नरम पडतात, खाज कमी होते. त्यातून या दमट हवेत संध्याकाळच्या आत अंग वाळायला हवं, तेव्हा अकराची वेळ त्याने बरोबर साधली. आई “अगं माझी कोथिंबीर” म्हणत राहिली, पण उचललं नाही तिने त्याला.

चार वाजता माझ्या मनगटावर येऊन बसला आणि मान खाली घातली. डोक्यावरच्या काट्यांपर्यंत त्याची स्वतःची चोच पोचत नाही. थव्यात हे काम जोडीदार करतो, एकटा पक्षी दांडीवर डोकं घासतो. मी काळपट काटे सोडून एक पांढरा निवडला आणि दोन नखांत अगदी हलका फिरवला. कुरकुर झाली, पीठ पडलं, आणि आतून बारकं पिवळं पीस उलगडलं. त्याने डोळे मिटले. मग दुसरा. तिसऱ्याला चुकून कोवळ्याला धक्का लागला असावा, कचकन चावला आणि उडून गेला.

बुधवार

कपाळावरच्या काळ्या रेघा, ज्या पिल्लांना थेट नाकापर्यंत असतात, त्या मागे सरकल्यात. पुढे स्वच्छ पिवळं कपाळ. नाकावरचा जांभळट-गुलाबी रंगही निळा व्हायला लागलाय, म्हणजे नर. डोळे मात्र अजून सगळे काळेच, बाहुलीभोवतीचं पांढरट कडं आणखी काही महिन्यांनी येईल.

ते पिवळं कपाळ दिसतं तेवढं साधं नाही. अतिनील किरणांत ते चमकतं. 2002 साली ‘सायन्स’मध्ये यावर एक शोधनिबंध आला होता, बजींच्या डोक्याला चक्क सनस्क्रीन फासून ती चमक घालवली, तर जोडीदार शोधणाऱ्यांना तसे पक्षी कमी आवडले. हे आईला सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे आता याच्यासाठी बायको आणायची.” विषय तिथे मिटला नाही असं दिसतंय, कारण दुपारी ती काकांच्या घरी जाऊन आली.

आल्यावर माळ्यावरून एक जुनं अल्युमिनियमचं पातेलं काढून धुतलं. “हे त्याच्या अंड्याचं. माझा स्वयंपाक झाला की मागच्या शेगडीवर उकडत जा. आणि त्या किटलीतला चहा मी पिणार नाही, आधीच सांगते.”