खडीर बेटावरचा आड

कच्छमधल्या भुजहून पहाटे धोळावीऱ्याला निघालो. जानेवारीतली थंडी, काचांवर दव. खावड्याला चहा-गाठिये झाले आणि पुढे तो रस्ता सुरू झाला. दोन्ही अंगांना पांढरंफटक मीठ आणि मधून डांबराची सरळ काळी रेघ. कुठे कुठे पावसाळ्यातलं पाणी अजून साचलेलं होतं. पूर्वी धोळावीऱ्याला जायचं तर रापरवरून लांबचा वळसा पडायचा. आता खावड्याहून थेट खडीरला, म्हणजे धोळावीरा ज्या बेटावर आहे तिथे, पोचता येतं. खडीरला बेट का म्हणतात, ते तिथे गेल्यावर कळलं. पावसाळ्यात रणात पाणी भरतं, जमिनीचा हा तुकडा तेवढा वर राहतो आणि पाणी आटलं की भोवती नुसतं मीठ उरतं.

अशा जागी सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी माणसांनी शहर वसवलं आणि जवळजवळ दीड हजार वर्षं तिथे वस्ती राहिली. त्या शहराचे अवशेष ज्या टेकाडात आहेत, त्याला गावातले लोक कोटडा म्हणतात. साठच्या दशकात पुरातत्त्वज्ञ जगत्पती जोशींनी ते हडप्पा संस्कृतीचं असल्याचं ओळखलं, १९९० पासून रवींद्रसिंह बिष्ट यांनी तिथे वर्षानुवर्षं उत्खनन केलं आणि २०२१ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. बालेकिल्ला, मधलं नगर, खालचं नगर, सगळं फिरलो. उत्तर दरवाज्यापाशी दहा मोठ्या चिन्हांची पाटी सापडली होती, ती जागाही पाहिली. ती लिपी अजून कुणाला वाचता आलेली नाही.

पण माझे पाय अडले ते तलावांपाशी. मी माणदेशातली. उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लावण्यात माझं लहानपण गेलं. त्यामुळे पूर्वेकडच्या तलावाच्या काठावर उभी राहिले तेव्हा बराच वेळ तोंडातून शब्द फुटला नाही. ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद आणि दहा मीटरहून खोल! शहराच्या उत्तरेला मानसर आणि दक्षिणेला मनहर, दोन्ही फक्त पावसात वाहणारे ओढे. त्यांना बंधारे घालून पाणी तलावांकडे वळवलेलं. जमिनीला पूर्वेकडून पश्चिमेकडे तेरा मीटरचा उतार आहे, तो हेरून एकामागून एक तलाव खोदलेले. बालेकिल्ल्यावर पडणारा पाऊससुद्धा वाया जात नसे, त्यासाठी दगडी गटारं आहेत आणि काही तर माणूस आत शिरेल एवढी उंच. आमचे वाटाडे तरुणपणी याच खोदकामावर मजुरीला होते. गाळ उपसता उपसता पहिली पायरी लागली, तो दिवस त्यांनी हात हलवत, डोळे मोठे करून सांगितला.

याच संस्कृतीच्या उत्तरकाळाचा माग आपल्याकडे प्रवरेकाठी दायमाबादला लागतो. शाळेत तेवढ्या एका ओळीवर धडा संपला होता.

निघता निघता वाटाडे म्हणाले, "बेन, आड बघितल्याशिवाय जाऊ नका." बालेकिल्ल्यावरचा तो मोठा, दगडांनी बांधलेला आड. काठाच्या दगडावर खोल चरे पडलेले, दोराने पाणी शेंदून शेंदून. आमच्या वाड्याच्या मागच्या आडालाही अस्सेच चरे आहेत, आजीच्या सोलाचे. मी खाली बसले आणि त्या चऱ्यात बोट घातलं. दगड उन्हाने तापला होता, पण चरा आतून गुळगुळीत होता.