खड्डा खणल्याशिवाय जमीन कळत नाही

दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हारा या भागात मातीचं सर्वेक्षण करायचं म्हणजे आधी माणसाच्या छातीएवढा खड्डा घ्यायचा. उजेडाकडची भिंत खुरप्याने तासायची आणि वरून खाली एकेक थर वाचत जायचं. रंगपट्टी, टेप, पाणी आणि विरळ आम्लाची बाटली एवढंच सामान. आम्लाचा थेंब पडला की चुना असलेली माती फसफसते. खाली जावं तसे चुनखडीचे पांढरे खडे दिसू लागतात, ढेकळं दगडासारखी कडक होतात, आणि त्यांच्यावर चकचकीत, घासल्यासारखे पृष्ठभाग दिसतात. भारी काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्या हालचालीने हे चकचकीत पृष्ठभाग तयार होतात.

हा सगळा आमचा खारपाणपट्टा. पूर्णा नदीचं खोरं. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेलं. विहिरीचं पाणी खारट, म्हणून खरिपात कापूस, तूर, मूग आणि ओल टिकली तर हरभरा. बाहेरून आलेला माणूस ही काळीभोर जमीन बघून म्हणतो, सोनं आहे. खड्ड्यापाशी बसलेले एक काका मला म्हणाले, "पोरी, वरून त सारीच काळी दिसते. पाणी खाली जाते का नाही, ते पाय."

काकांनी नेमकं दुखण्यावर बोट ठेवलं. पाऊस कमी आणि ऊन जास्त असलं की मातीतला कॅल्शियम चुना होऊन बसतो आणि चिकणमातीच्या कणांवर सोडियमचं प्रमाण वाढतं. कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, निचरा थांबतो. जमीन चोपण होते. पुस्तकात चोपण जमिनीची खूण म्हणजे विनिमयक्षम सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम, १५ टक्क्यांच्या वर. पण पूर्णा खोऱ्यातल्या मातीत त्याच्या कितीतरी आधीच निचरा बिघडतो, हे मृदाशास्त्रज्ञांनी इथल्याच खड्ड्यांमधून दाखवून दिलं आहे. अशा जमिनीला वरून खारं पाणी दिलं तर ती सुधारत नाही, बिघडते.

आणि हे सगळं घडतं ते खालच्या थरात.

२०१५ साली मृदा आरोग्य पत्रिका आली. बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना, कोरडवाहूत दहा हेक्टरला एक. तपासण्या १२: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. मला या योजनेबद्दल आदर आहे. देशभरातल्या शेतकऱ्यांच्या हातात आपल्या मातीचे आकडे पडले. पण नमुना घेतात तो वरच्या १५-२० सेंटिमीटरचा. त्यावरून खताची मात्रा ठरवता येते. तिथे संत्रा लावावा की नाही, ओलीत करावं की नाही, शेततळं कुठे घ्यावं, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी खोली, निचरा, चुना आणि खालच्या थरातला सोडियम माहीत हवा.

गंमत नव्हे, पण इंग्रजांना हे कळलं होतं. सारा ठरवायचा होता म्हणून का होईना, विंगेट, गोल्डस्मिड आणि डेव्हिडसन या जमीन-मोजणी अधिकाऱ्यांच्या १८४७ च्या अहवालात प्रतबंदीचा, म्हणजे जमिनीचा दर्जा ठरवण्याचा, जो तक्ता आहे, त्यात मातीचा प्रकार आणि खोली दोन्ही आहेत. खोली पावणेदोन हातांपासून पाव हातापर्यंत. नऊ प्रती, सगळ्यांत उत्तम जमीन सोळा आणे, सगळ्यांत हलकी दोन आणे. चुनखड, वाळू, उतार, पाझर असे दोष असतील तर प्रत खाली. त्यासाठी माणसं शेतोशेत जाऊन खणत होती. वऱ्हाडातही पुढे तीच पद्धत आली. सातबाऱ्यावर 'आकार' म्हणून जे किरकोळ रुपये-पैसे दिसतात, त्यांचं मूळ त्या खणण्यात आहे. खोलीची नोंद मात्र सातबाऱ्यावर नाही.

स्वतंत्र भारतानेही मोठं काम केलं. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो १९७६ पासून आहे, मुख्यालय आपल्या नागपुरात. त्यांनी देशाचा नकाशा १:२,५०,००० प्रमाणावर केला, माती, हवामान आणि पिकांचा हंगाम बघून देशाचे २० कृषी-परिस्थितिकीय प्रदेश पाडले. राज्याचं धोरण आखायला तो नकाशा उत्तम. पण त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. आमचं अख्खं गाव बोटाच्या पेराखाली झाकलं जातं. गावासाठी १:१०,००० लागतो, एक सेंटिमीटरला शंभर मीटर. त्या प्रमाणावर काम सुरू आहे, आणि ते नेटाने व्हावं असं मला मनापासून वाटतं.

माहिती वापरली की काय होतं, तेही दिसलं आहे. पोकरा, म्हणजे राज्य सरकारच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, विदर्भ-मराठवाड्यातल्या हजारो गावांत, आमच्या खारपाणपट्ट्यातही, पाण्याचा ताळेबंद मांडताना मातीचा पोत आणि खोली धरली. पाऊस किती पडला एवढ्यावर न थांबता किती मुरला, किती वाहून गेला, हा हिशोब गावासमोर आला. खाली खारं पाणी असलेल्या गावात विहिरीपेक्षा पावसाचं गोडं पाणी शेततळ्यात धरणं शहाणपणाचं, हे मग पटवून द्यावं लागत नाही.

याउलट शहरांच्या कडेला बघा. प्लॉट पडतात तेव्हा रस्ता, वीज, मोजणी याची चौकशी होते. जमीन उत्तम निचऱ्याची आहे की चोपण, हे विचारताना मी कुणाला ऐकलं नाही. निचऱ्याची खोल जमीन आमच्याकडे थोडी, आणि तीच आधी जाते.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक गावात जमिनीच्या प्रत्येक प्रकाराचा निदान एक खड्डा खणलेला असावा. त्याची खोली, निचरा, चुना आणि सोडियम गट नंबरासह मराठीत ग्रामपंचायतीत लावावेत, ऑनलाइन खुले ठेवावेत. फळबागेचं अनुदान, ओलिताची योजना आणि अकृषक परवानगी, तिन्ही फायलींत तो कागद जोडणं बंधनकारक व्हावं. पुढच्या ग्रामसभेत आमच्या गावापुरता हा ठराव मी मांडणार आहे. मसुदा कुणाला हवा असेल तर कळवा, पाठवते.