पद्मिनीचे आसन उसवताना

वडिलांनी १९७८ साली घेतलेल्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन आणि रंगकाम गेल्या वर्षी पुरे झाले. आतल्या भागाचे काम मी मुद्दाम शेवटी ठेवले होते, कारण ते घाईने उरकायचे नाही, हे मनाशी पक्के होते.

या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असल्यामुळे पुढचे आसन बाकासारखे सलग आहे आणि लहानपणी आई-वडिलांच्या मध्ये बसण्याची माझी जागा तीच होती. पंधरा वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये या आसनावर फोमचा जाड तुकडा चिकटवून वर चकचकीत कव्हर चढवले गेले होते. त्यावर बसणारा माणूस एका बाजूला कलत असे. म्हणून या वेळी कुशनकाम करणाऱ्या एका जुन्या कारागिराकडे गेले. त्यांनी उमेदीची बरीच वर्षे टॅक्सींची आसने शिवण्यात घालवली आहेत. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली आणि त्यांच्याकडचे हे काम जवळजवळ थांबले.

काकांनी पहिल्या दिवशी नवे काहीच केले नाही. गॅरेजचे कव्हर आणि फोम काढून, ब्लेडच्या टोकाने एकेक टाका उसवत खालचे मूळ आवरण त्यांनी अखंड सोडवले. त्याखाली कापसाचा पातळ थर निघाला, मग हात लावताच भुगा होणारा काथ्या, मग गोणपाट आणि सर्वांत खाली स्प्रिंगा. गोणपाटाचे काम बाहेरून दिसत नाही, पण काथ्याला स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत उतरू न देणारा थर तोच. स्प्रिंगा घासून, रंगवून परत वापरल्या, दोन मोडलेल्या तेवढ्या बदलल्या.

रंगाचा प्रश्न शिवणीनेच सोडवला. उन्हाने सगळे रेक्झीन मळकट तपकिरी झाले होते, परंतु पायपिंगच्या, म्हणजे शिवणीवरच्या गोल किनारीच्या, आत दुमडलेली बोटभर पट्टी उलगडली तेव्हा तिथे गर्द डाळिंबी रंग जसाच्या तसा होता. मला तो रंग आठवत नव्हता. आईला मात्र पाहताक्षणी आठवला. त्या पट्टीचा तुकडा पर्समध्ये घालून मी बाजारात रेक्झीन जुळवत फिरले.

रेक्झीनला मऊ ठेवणारे द्रव्य वर्षानुवर्षांच्या उष्णतेने उडून जाते, म्हणून ते ताठरते आणि दुमडीवर तडकते. तेल किंवा पॉलिश चोळून ते परत येत नाही, त्यामुळे आवरण नवेच घ्यावे लागले. मात्र मापे जुन्याच तुकड्यांवरून घेतली. काकांनी प्रत्येक तुकडा सपाट दाबून त्याभोवती खडूने रेघ ओढली आणि दोन शिवणींतले अंतर कागदावर उतरवून घेतले. मी एका ठिकाणी टाका उसवून पुन्हा घालायला सुचवले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘ताई, भोक पडलं की पडलं. कापड पोटात घेतं, रेक्झीन नाही घेत.’’ नवे आवरण चढवण्याआधी त्यांनी ते अंगणातल्या उन्हात तासभर पसरून ठेवले. ऊन लागून नरम झालेले रेक्झीन दोघांनी ओढून कोपऱ्यांवर बसवले आणि एकही सुरकुती राहिली नाही. दोरा मात्र सुती न वापरता नायलॉनचा घेतला, कारण आमच्या दमट हवेत सुती दोरा आधी कुजतो.

दारांच्या आतले हार्डबोर्ड पावसाच्या पाण्याने फुगले होते. काचेवरून ओघळणारे पाणी दाराच्या पोटात उतरतेच. ते हार्डबोर्डपर्यंत येऊ नये म्हणून मध्ये प्लॅस्टिकचा कागद असावा लागतो आणि तो केव्हाचा फाटलेला होता. तो नव्याने लावला, दारांच्या तळाची बुजलेली छिद्रे मोकळी केली. पायाखालची रबरी मॅट उचलल्यावर पत्र्यावर गंज दिसला, तोही आधी काढून घेतला.

छताचे कापड अजून बाकी आहे. ते तारेच्या कमानींवर ताणून कडेने चिकटवायचे असते आणि पावसाळी हवेत सोल्युशन नीट धरत नाही, म्हणून काकांनी दिवाळीनंतरची तारीख दिली आहे. तोवर कमानी, कोणती पुढची आणि कोणती मागची हे चिठ्ठ्यांवर लिहून, आमच्या पलंगाखाली ठेवल्या आहेत.