दोन अक्षरांचं नाव

गुरुवार, रात्र

बारसं रविवारी आणि नावाचा पत्ता नाही. भाचीचं नाव ठेवायचा मान आत्याचा, असं सगळे तोंडानं म्हणतात आणि मग जो तो आपली यादी पाठवतो. धाकट्या भावाची अट एकच: नाव छोटं हवं. आमचं आडनाव आधीच लांबलचक, फॉर्मच्या चौकटीत मावत नाही.

पत्रिकेनं वेगळीच गंमत केली. आश्लेषा नक्षत्र, तिसरा चरण, अक्षर 'डे'. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, अशी १०८ अक्षरं. त्यातलं नेमकं हे आमच्या वाट्याला आलं. धाकटा म्हणतो, "डेक्कन क्वीन ठेव की ताई." गुरुजींनी वाट काढून दिली. कर्क रास आहे, 'ह'वरून ठेवा, नाहीतर पत्रिकेतलं नाव पत्रिकेत राहू द्या आणि हाकेचं वेगळं ठेवा. हेमा, हिरा ऐकून वहिनीनं नाक मुरडलं. त्यामुळे दुसरा मार्ग. आश्लेषाची शांती वगैरे आईचं खातं, त्यात मी पडत नाही.

दुपारी मोबाईलवर नावांच्या याद्या बघत बसले. एकेका यादीत अर्थ असे दिलेले की वाटावं, लिहिणाऱ्यानं डबा खाता खाता सुचेल ते टाकलंय. मामेबहिणीनं 'मायरा' पाठवलं, अर्थ 'लाडकी', मूळ संस्कृत. कसलं संस्कृत! फुल्क ग्रेविल नावाच्या इंग्रज कवीनं चारेकशे वर्षांपूर्वी आपल्या कवितांसाठी घडवलेलं नाव आहे ते. नाव गोड आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण इंग्लंडचं नाव इंग्लंडचं म्हणून ठेवा, त्याला जानवं कशाला घालता?

'इरा' मला फार आवडलं होतं. संस्कृत कोश काढला. पृथ्वी, वाणी, पाणी, अन्न, सगळं झकास. आणि त्याच ओळीत पुढे: मद्य. धाकट्याला वाचून दाखवलं तर तो हसून लोळायचाच बाकी. बाबा मात्र गंभीर. आयुष्यभर एकादशी केलेल्या माणसाच्या नातीचं नाव दारू? इरा बाद.

संध्याकाळी वहिनीच्या आई आल्या, अक्कलकोटहून. घरात कन्नडच बोलतात. त्यांनी 'सिरी' सुचवलं. श्रीचंच रूप, कन्नडमध्ये संपत्ती, भरभराट. शेजारच्या पद्मशाली मावशी विड्यांचं सूप मांडीवर घेऊन दारातच बसल्या होत्या, त्या लगेच म्हणाल्या, आमच्या तेलुगूतपण सिरी म्हणजे तेच. दोन्हीकडच्या बायका एकदम खूश. पण धाकट्यानं फोन वर धरला, त्यातल्या बोलक्या मदतनिसाचं नावही सिरीच. "घरात कुणी पोरीला हाक मारली की हा उत्तर देणार." संपलं.

'जुई'वर बराच वेळ अडलो होतो. संस्कृत यूथिकेची झिजत झिजत जुई झाली, जातीची जाई झाली तशीच. अस्सल मराठी, छोटं, नाजूक. पण अक्कलकोटच्या आजींच्या तोंडी ते 'ज्युई' व्हायला लागलं. त्यांनी दोनतीनदा प्रयत्न केला, मग स्वतःच हसल्या. सोलापुरात नाव ठेवायचं म्हणजे हा विचार करावाच लागतो. पोरगी निम्मा दिवस तेलुगू अंगणात, सुट्टीत कन्नड घरात, उरलेला वेळ मराठीत. तिन्ही तोंडांत बसलं पाहिजे.

मग माझ्या मनात 'उमा' आलं. हे नाव केनोपनिषदातही आहे, हैमवती उमा. पण मला आवडतं ते कालिदासानं सांगितलेलं. पार्वती तपाला निघाली तेव्हा तिच्या आईनं अडवलं, 'उ, मा', अगं, नको. त्यावरून मुलीचं नाव उमा पडलं. आईच्या काळजातून निघालेलं 'नको'.

आणि आमच्याकडे दुसरं 'नको' आहेच. आजीच्या मावसबहिणीचं नाव नकुसा होतं. चौथी मुलगी, म्हणून. पुढे भाऊ झाला, सगळे म्हणाले नाव फळलं, आणि ती बाई म्हातारी होईपर्यंत रेशनकार्डावर नकुसाच राहिली. शेजारच्या सातारा जिल्ह्यात २०११ साली दोनशेहून जास्त नकोशींची नावं समारंभ करून बदलली. तोवर ती गेलेली. मला ती आठवते ती तंबाखूची चंची आणि मोठा आवाज यांच्यासकट. नावावरून तिला कधी काही विचारायचं धाडस झालं नाही.

जेवताना 'उमा' काढलं. वहिनीच्या आई लगेच "उमक्का" म्हणाल्या, जणू ओळखीचीच कुणी. मावशींनाही सोपं. मी माझी परीक्षा घेतली: रागानं हाक मारून बघितली. 'उमे! खाली उतर!' उत्तम बसतं. आकारान्त नावाचा हा फायदा. रमा, गंगा, उमा, चिडलं की आपोआप रमे, गंगे, उमे. 'मायरे' म्हणून बघा, हसूच येतं.

धाकटा अजून तयार नाही. "उमा म्हणजे शाळेत गणित शिकवणारी बाई वाटते गं." मी म्हटलं, मग काय वाईट, तुझं गणित बघता घरात एक हवीच. वहिनी बाजूनं आहे असं वाटतंय, पण ती स्पष्ट बोलेना. धाकटा म्हणतो, घाई काय, जन्मनोंदीत नाव वर्षभरात बिनाशुल्क घालता येतं. येतं, पण रविवारी कानात सांगायला मला काहीतरी लागेल की नाही! नाही ठरलं तर मी सरळ उमा सांगून मोकळी होणार, पाठीत चार गुद्दे जास्त बसले तरी चालतील.

घुगऱ्यांचे हरभरे शनिवारी रात्री भिजवायचे. पाळण्याची दोरी नवी आणायची.